राजीखुशीने

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की मी वकील नाही. नाशिकच्या जिल्हा न्यायालयासमोर एका वकीलसाहेबांच्या ऑफिसात मी ३४ वर्षं दस्त टाइप केले. खरेदीखतं, वाटणीपत्रं, मृत्युपत्रं, हक्कसोडपत्रं. आधी मराठी टाइपरायटरवर तीन-तीन कार्बन लावून, नंतर कॉम्प्युटरवर. माणसं कागदावर काय लिहून देतात आणि लिहून देताना त्यांचे चेहरे कसे असतात, हे मी हातभर अंतरावरून पाहिलं. माझी मतं तिथे तयार झाली. कायद्याचा पक्का सल्ला हवा असेल तर वकिलाकडेच जा.

माझी मुलगी अंबडच्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. तिथल्याच मुलाशी तिचं लग्न ठरलंय. जात वेगळी आहे, पण मुलगा चांगला आहे, आमची हरकत नाही. अडचण दुसरीच आहे. दोघं म्हणतात, रजिस्टर लग्न करायचं आणि घरच्या ३० माणसांचं जेवण. आम्ही इतकी वर्षं सिडकोत राहतोय. सगळ्यांच्या लग्नांना गेलो, पंगतीला बसलो. आता लोक म्हणतील, पोरीने पळून जाऊन केलं म्हणून लपवतायत. मी गंगापूर रोडला एक लॉन बघून ठेवलंय. पीएफचे पैसे काढता येतील. हट्ट धरू का? — एक वडील, सिडको

दादा, ‘जात वेगळी आहे, पण आमची हरकत नाही’ ही ओळ तुम्ही अर्ध्या दमात लिहून पुढे गेलात. मी मात्र तिथेच थांबले. आमच्या ऑफिसात रजिस्टर लग्नाची चौकशी करायला मुलं-मुली यायची, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न कागदपत्रांचा नसायचा. ‘नोटीस घरी जाते का हो?’ हे आधी विचारायची. विशेष विवाह कायदा १९५४ चा आहे. दोघांपैकी एकाने ज्या जिल्ह्यात निदान ३० दिवस मुक्काम केला असेल तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ती ऑफिसात ३० दिवस लावलेली राहते, कोणाची कायदेशीर हरकत नसेल तर मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. या ३० दिवसांत कोणी ती नोटीस वाचेल आणि गावाकडे फोन करेल, या भीतीने पोरींची झोप उडालेली मी पाहिली आहे. एक मुलगी रोज दुपारच्या सुट्टीत यायची आणि फळ्यासमोर उभं राहून आपला कागद झाकला जाईल असा दुसरा कागद वर सरकला आहे का ते बघून जायची. तुमच्या मुलीला अशा भीतीत दिवस काढावे लागणार नाहीत. हे तुम्ही तिला दिलंत, आणि कुठल्याही लॉनपेक्षा ते मोठं आहे.

आता लोकांचं. तीन साक्षीदार लागतात ना? त्यातले एक तुम्ही व्हा. वडिलांची सही साक्षीदार म्हणून आहे म्हटल्यावर ‘लपवतायत’ असं म्हणायला कोणाला जागा उरत नाही. सहीनंतर दोघांच्या मधे उभं राहून फोटो काढा आणि तोच सगळ्यांना पाठवा.

पंगतीचं देणं मी हसण्यावारी नेणार नाही. ज्यांच्या घरी आपण जेवलो त्यांना आपल्या घरी जेवू घालावं ही भावना चांगली आहे, आणि मुलांना ती समजत नसेल तर त्यांना समजावून सांगायचा तुम्हाला हक्क आहे. पण ते देणं तुमचं आहे, त्यांच्या लग्नाचं नाही. लग्न झाल्यावर एखाद्या रविवारी संध्याकाळी कॉलनीतल्या समाजमंदिरात गल्लीला जेवायला बोलवा. पुरी-भाजी, मसालेभात, जिलेबी. आहेर घेणार नाही असं निमंत्रणातच सांगा. मुलांकडे त्या संध्याकाळचे दोन तास मागा. हट्ट धरू नका, मागा. मला वाटतं ती देतील.

पीएफला हात लावू नका, हे मात्र कळकळीने सांगते. लग्नासाठी काढलेलं कर्ज फेडताना रिकामे झालेले आईवडील मी पुष्कळ पाहिले. साधं लग्न ही काही आजची टूम नाही. जोतीराव फुल्यांनी सप्टेंबर १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात भटजीशिवाय, मोजक्या खर्चात पहिलं लग्न लागलं. तेव्हाही लोक बोललेच असतील.

माझ्या धाकट्या जाऊबाईंचे यजमान गेल्या वर्षी गेले. संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्या घरी असतं. सासूबाई म्हणतात, तिला वाण द्या पण कुंकू लावू नका. मला तिला सगळ्यांच्या आधी कुंकू लावायचंय. चुकतंय का? — इंदिरानगर

चुकत नाही. पण आधी तिला विचारलंत का? चारचौघीत एकदम कुंकवाचं बोट पुढे कराल, सगळ्यांच्या माना वळतील आणि तिला हो-नाही ठरवायला क्षणभरही मिळणार नाही. दोन दिवस आधी तिच्या स्वयंपाकघरात जा. एकट्या. तिळाचा पाक करायला मदत करायच्या निमित्ताने जा हवं तर. म्हणा, ‘मला तुला कुंकू लावायचंय, तुला चालेल का?’ हो म्हणाली तर पहिलं तिलाच लावा. नको म्हणाली तर यंदा नको, पुढच्या वर्षी पुन्हा विचारा.

सासूबाईंना सांगायला एक गोष्ट देते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव करून बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं बंद केलं, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनीही तसं करावं असं परिपत्रक काढलं. एका गावाने हात वर करून ठरवलं. आपल्याला तर फक्त घरच्या बैठकीच्या खोलीत ठरवायचंय.

मी ३६ वर्षांची, शिक्षिका, अविवाहित. मला मुलगी दत्तक घ्यायची आहे. आई म्हणते आधी लग्न कर. भाऊ म्हणतो, उद्या तुला काही झालं तर ती आमच्या गळ्यात. तुमचं मत? — नाशिकरोड

तू आजच नाव नोंदव. ‘कारा’ या केंद्राच्या दत्तकविषयक संस्थेच्या संकेतस्थळावर नोंदणी होते, मग तुझ्या घरी येऊन पाहणी होते आणि त्यानंतर यादीत वाट पाहायची. ही वाट काही वर्षांची असते. एकट्या बाईला मुलगा किंवा मुलगी, कोणतंही मूल घेता येतं. एकट्या पुरुषाला मुलगी घेता येत नाही. दोन वर्षांच्या आतलं बाळ हवं असेल तर एकट्या पालकाला वयाची मर्यादा ४० आहे, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ४५. तू ३६ ची आहेस, म्हणजे ‘लग्नाचं बघू, मग मुलाचं बघू’ यात ही वर्षं जातील. शेवटचा आदेश आता कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात.

आईच्या म्हणण्याला माझं सरळ उत्तर आहे. मूल हवं म्हणून लग्न करणं हा त्या येणाऱ्या माणसावर अन्याय आहे. तुला नवरा हवा असेल तेव्हा लग्न कर.

भावाचं बोलणं मनाला लागणारं आहे, पण त्यातला प्रश्न खरा आहे. तो टाळू नकोस. एकट्या पालकाला, आपल्यामागे मुलाला कोण सांभाळेल, त्या नातेवाइकाची हमी द्यावीच लागते. ती भावाकडूनच घे असं नाही. मावसबहीण असेल, मामेभाऊ असेल, जो मनापासून हो म्हणेल त्याच्याकडून घे. मृत्युपत्र कर आणि त्यात मुलीचा पालक नेम. विमा उतरव. आणि भावाला सांग की तुझ्यावर काही टाकलेलं नाही. मला वाटतं, मुलगी घरात रांगायला लागली की पहिला कडेवर घेणारा तोच असेल. पण त्या आशेवर बेत आखू नकोस.

माझं वय ७८. प्रेसमधून निवृत्त झालो. देहदानाचा फॉर्म भरलाय, घरात दशक्रिया, तेरावं काही करू नका असंही लिहून ठेवलंय. मुलगा चिडलाय. म्हणतो, ‘देशभरातून लोक अस्थी घेऊन रामकुंडावर येतात, आपण गोदेच्या काठावर राहून हे करायचं?’ पत्नी काही बोलत नाही, नुसती रडते. माझा देह, माझा निर्णय. बरोबर ना? — जेल रोड

काका, अर्ध बरोबर.

आधी व्यवहाराचं. तुम्ही भरलेला फॉर्म ही तुमची इच्छा आहे. ती पार पाडायची की नाही हे शेवटी घरच्यांच्या हातात असतं. त्या दिवशी मुलगा नको म्हणाला तर कोणतंही वैद्यकीय महाविद्यालय त्याच्याशी भांडून तुम्हाला नेणार नाही. शवविच्छेदन करावं लागलं तर देह घेत नाहीत. नेत्रदान करायचं असेल तर साधारण सहा तासांच्या आत व्हावं लागतं, म्हणजे रडता रडता कोणाला तरी फोन करावा लागतो. तो फोन मुलाने करायचा की पत्नीने, हे आज ठरायला हवं. आडगावच्या वैद्यकीय महाविद्यालयात मुलाला बरोबर घेऊन जा. शरीररचनेच्या विभागात विचारा, देहाचं काय करतात, विद्यार्थी तिथे कसे वागतात. आमच्या वकीलसाहेबांचे वडील असेच गेले. साहेब सांगायचे, तिथल्या एका डॉक्टरबाईंनी त्यांना म्हटलं होतं की पहिल्या दिवशी मुलं देहाला नमस्कार करतात आणि मग काम सुरू होतं. साहेबांची बहीण तोवर विरोधात होती. त्या एका वाक्यानंतर ती गप्प झाली.

म्हणून देहाबद्दल मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. मला स्वतःलाही तेच करायचंय, मुलीची सही घेऊन ठेवली आहे.

दशक्रियेबद्दल मी तुमच्या बाजूने नाही. तुम्ही गेल्यावर तुमच्या पत्नीने कसं रडायचं, कोणाला बोलवायचं, कुठल्या पाण्यात हात बुडवायचा, हे तुम्ही कागदावर लिहून ठेवताय. तो दिवस तुमचा नसेल, तिचा असेल. मी रामकुंडाच्या पायऱ्यांवर सकाळी खूपदा बसले आहे. एखादी बाई पिंड ठेवून मागे सरते आणि कावळा येईपर्यंत कडेवरच्या नातवाला घट्ट धरून वर बघत राहते. तिथे काय खरं आणि काय खोटं याचा वाद मला घालवत नाही. ५० वर्षं ज्या माणसाबरोबर काढली, त्याला निरोप द्यायला तिला एक जागा लागते. तुम्ही तिला अस्थी देणार नाही, निदान तेवढी जागा तरी काढून घेऊ नका.

ती बोलत नाही म्हणता. तुम्ही तिला विचारलंत का, की सांगितलंत? पत्र वाचून मला वाटलं की सांगितलंत. संध्याकाळी तिच्याजवळ बसा आणि म्हणा, ‘मी गेल्यावर तुला काय करावंसं वाटतं?’ ती बोलेल ते पूर्ण ऐका. मग कागदावरची ती दुसरी ओळ खोडा. पहिली राहू द्या.

माझं माहेर दिंडोरी तालुक्यात. चार एकर द्राक्षबाग आहे. कार्तिकात वडील गेले. घरात आई, दोन भाऊ आणि मी. पुढच्या गुरुवारी रजिस्टर ऑफिसला ये, आधारकार्ड आणि दोन फोटो घेऊन ये, असा भावाचा फोन आलाय. हक्कसोड करायचंय. आई म्हणते, सही कर म्हणजे माहेर राहील. नवरा म्हणतो, हिस्सा घे, फ्लॅटचे हप्ते फिटतील. मला स्वतःला काय हवंय तेच कळत नाही. ताई, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? — पंचवटी

मी तुझ्या जागी होते. काय केलं ते सांगते.

१९९८ साली माझे वडील गेले. निफाड तालुक्यात तीन एकर. दशक्रियेला पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं. वडीलधारे म्हणाले, मनात काही राहिलं असेल तर बोला. माझा भाऊ पुढे झाला, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाला, ‘अण्णा, ताईला अंतर देणार नाही.’ थोड्या वेळाने कावळा शिवला. सगळे रडले, मीही. तेरावं झालं आणि आठवड्याच्या आत भाऊ आमच्या ऑफिसात आला. हक्कसोडपत्र करायचं होतं. साहेब कोर्टात होते. मसुदा तोंडपाठ असलेली मीच, म्हणून मीच कागद चढवला.

त्या दस्ताच्या शेवटी एक ओळ असते. तीही मला पाठ होती: ‘सदरचे हक्कसोडपत्र मी माझे राजीखुशीने, अक्कलहुशारीने व कोणाचेही दडपणास बळी न पडता लिहून दिले असे.’ तोवर शेकडो बायकांसाठी मी ती ओळ टाइप केली होती. त्या दिवशी ‘राजीखुशीने’ या शब्दापाशी वेलांटीची कळ अडकली. मी ती नखाने सोडवली आणि पुढे टाइप केलं. भाऊ समोर बाकावर बसला होता, त्याने माझ्यासाठी चहा सांगितला होता. मला कोणी धमकावलं नव्हतं. कोणी एक शब्द चढ्या आवाजात बोललं नव्हतं. आणि तरी मला कोणी विचारलंही नव्हतं. मी स्वतःलासुद्धा विचारलं नाही.

माझा भाऊ वाईट माणूस नाही. प्रत्येक भाऊबीजेला मी जाते, साडी मिळते, द्राक्षाची पेटी घरी येते. पण पुढे माझ्या यजमानांचं आजारपण आलं तेव्हा मी गळ्यातलं मोडलं आणि माहेरी कळवलं नाही. मागायला गेले असते तर त्याने दिलं असतं, पण ते मागणं झालं असतं. कागदावर माझं नाव असतं तर मी माझंच घेतलं असतं. हा फरक मला त्या दवाखान्याच्या बाकावर कळला. नंतर त्या जमिनीतून रस्ता गेला, सरकारी मोबदला आला, आणि ते मला गावच्या एका बाईकडून कळलं. माझ्यावर अन्याय झाला अशी तक्रार मी करत नाही. सही माझी होती. मी सांगतेय ते एवढ्यासाठी की गुरुवारी तुझी असेल.

तर पहिली गोष्ट, गुरुवारी जाऊ नकोस. हक्कसोड अमुक दिवसांत करावं असा कोणताही नियम नाही. घाई कायद्याची नसते, घरच्यांची असते. वडील गेल्यावर आधी वारस नोंद होते. तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, अर्ज करायचा. आई, दोन्ही भाऊ आणि तू, चौघांची नावं सातबाऱ्यावर लागायला हवीत. फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरच्या बदलाची, नोटीस येते, हरकत घ्यायला १५ दिवस असतात. वारस म्हणून सगळी नावं दाखवली आहेत ना, हे तू स्वतः बघ. सातबारा आणि फेरफार मोबाइलवरही दिसतो.

हिस्सा किती ते जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली की आजोबांकडून आलेली, यावर ठरतं. पण मृत्युपत्र नसेल तर दोन्ही बाबतींत तुझा वाटा एका भावाइतकाच. मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलासारखा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. माझं लग्न त्याआधीचं. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभरात मुलींना तो मिळाला, लग्न कधी झालं याचा प्रश्न उरला नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, त्या तारखेला वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही, असंही स्पष्ट केलं. त्यामुळे ‘लग्नात खर्च केला, आता तुझं काय’ असं कोणी म्हणालं तर ते रागाचं बोलणं आहे, कायद्याचं नाही.

सहीचं वजनही माहीत असू दे. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत हक्कसोडपत्राला २०० रुपयांचा मुद्रांक लागायचा. २०० रुपयांत एकरांचा हक्क जायचा. दुय्यम निबंधकासमोर अंगठा यंत्रावर ठेवला, कॅमेऱ्यात फोटो निघाला की संपलं. नंतर वाईट वाटलं म्हणून ते फिरत नाही. फसवणूक झाली असं दाखवायचं तर दिवाणी कोर्टात जावं लागतं, कळल्यापासून तीन वर्षांच्या आत, आणि तिथे तुझीच ओळ तुला वाचून दाखवतात: राजीखुशीने, अक्कलहुशारीने.

आमच्याकडे येणाऱ्या बायका पेन हातात घेऊन एकच प्रश्न विचारायच्या. ‘कुठं करू?’ कागदावर काय लिहिलंय हे ३४ वर्षांत मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जणींनी विचारलं. मी बोट ठेवून ‘इथं’ म्हणायचे. हे माझंही आहे, मी कोणावर ढकलत नाही. १९९८ नंतर मी एक बदल केला. सही घेण्याआधी मी दस्त मोठ्याने वाचायला लागले. साहेब सुरुवातीला कुरकुरले, मग त्यांनीही सवय करून घेतली. वाचताना दोघी-तिघी उठून गेल्या. बाकीच्यांनी सही केली, पण ऐकून केली.

आता तुझ्या मनाचं. नवऱ्याचे हप्ते फेडायला हिस्सा मागितलास तर तीही तुझी राजीखुशी नव्हे. एका घराचं दडपण काढून दुसऱ्या घराचं अंगावर घ्यायचं, एवढंच होईल. त्याला शांतपणे सांग की जमीन माझ्या वडिलांची आहे आणि काय करायचं ते मी ठरवेन.

भावांची बाजूही ऐक. चार एकर बाग म्हणजे कागदावरचा आकडा नाही. एप्रिलची छाटणी, ऑक्टोबरची छाटणी, डावणी रोग आला की औषधांचा मारा, आणि घड भरत आले की अवकाळीची धास्ती. सोसायटीचं कर्ज असेल, वडिलांच्या नावावरचं असेल. वाट्यात कर्जही येतं. ते किती आहे, कोण फेडतंय, हे विचार. ज्याने २० वर्षं बागेत घाम गाळला त्याला ‘माझ्या वाट्याची बाग तोडून दे’ म्हणणं मलाही पटत नाही. पण जमीन वाटून न घेताही नाव राहू शकतं. बाग भावांनी करायची, नावं चौघांची, वर्षाला काही ठरलेलं तुला आणि आईला. किंवा हिस्सा सोडायचाच तर ठरलेली रक्कम घेऊन सोड, आणि ती रक्कम दस्तात लिहू दे. किंवा सगळं ऐकून, हिशोब बघून, तुला खरोखर वाटलं की भावांना द्यावं, तर दे. तेही मोठं मन आहे. मी त्याला कमी लेखणार नाही. फक्त ते तुझं असू दे.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसेन. आईचं नाव. बहुतेक वेळा त्याच दस्तात मुलीबरोबर आईचाही हक्क सोडवून घेतात, कोणाच्या लक्षातही येत नाही. ‘आईला काय करायचंय जमीन, आम्ही आहोत ना.’ आईने सही करू नये. तिचं नाव सातबाऱ्यावर असेपर्यंत त्या घरात तिचा शब्द राहतो. ती तुला ‘सही कर म्हणजे माहेर राहील’ म्हणते, त्यात तिची भीती आहे. तिला दोन मुलांच्या घरी उरलेले दिवस काढायचेत. तिच्याशी फोनवर बोलू नकोस, भावजया जवळ असतील. शनिवारी सकाळी जा, तिला घेऊन बागेत जा, बांधावर दोघीच बसा. तिला विचार, तुला काय हवंय. तिला हे आजवर कोणी विचारलं नसेल, त्यामुळे उत्तर लगेच येणार नाही. बसून राहा.

आणि आज रात्री दादाला फोन कर. भांडू नकोस, रडू नकोस. एवढंच म्हण, ‘दादा, गुरुवारी मी येत नाही. दस्ताची प्रत आधी माझ्या घरी पाठव. मला वाचायचीय.’